अक्काच्या कानात सांगितलेलं नाव

अण्णांचं दुकान शिवाजीनगरच्या बाजारात होतं. अण्णा म्हणजे आमचे वडील. छावणीतल्या साहेबांचे कोट आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे गणवेश ते शिवत. साहेब निघून गेले तरी कोट घालणारे मागे राहिले होते, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. आमचं घराणं बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली असं आजोबा सांगत. कुठून आलो, हे मात्र त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरात आम्ही मराठी बोलायचो. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब आणि 'सरी, जाऊ' म्हणजे बरं, जाऊ, हे त्यात इतकं मुरलेलं होतं की ते कानडी आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती दिसायला चांगली होती, आणि तिचे हात त्याहून चांगले होते. दुकानातल्या कोटांची काजं ती घरी बसून करायची. कापड नाकाजवळ धरायची आणि टाके असे घालायची की उलट्या बाजूनं बघितलं तरी काज सुलटच वाटावं. एका निवृत्त कर्नलनं एकदा विचारलं होतं, ही काजं कुणी केली? अण्णा ती गोष्ट आल्यागेल्याला सांगत. मी मात्र टाका घातला की तो सुरकुते. माझं काम अण्णांनी दोनदा उसवलं आणि तिसऱ्यांदा माझ्या हातातून सुई काढून घेतली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

कापड नाकाजवळ धरण्याचं कारण म्हणजे अक्काला लांबचं दिसत नसे. रस्त्याच्या पलीकडचा माणूस ती चालण्यावरून ओळखायची. तिला चष्मा होता, पण तो घरात, दार लावून घालायचा. आमच्या आत्याची तशी सक्त ताकीद होती. आत्या अण्णांची मोठी बहीण, शेजारच्याच गल्लीत राहायची आणि आमच्या घरातले सगळे निर्णय तीच घ्यायची. चष्म्याच्या मुलीला कोण करून घेणार, असं ती म्हणे. काचांचा नंबर वाढला होता, पण लग्न होईपर्यंत नव्या काचा करायच्या नाहीत असंही तिनंच ठरवलं होतं.

मी अठराव्या वर्षात होते आणि कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्गात होते. अक्काकडे रूप होतं, हात होते, अण्णांची शाबासकी होती. माझ्याकडे पक्षी होते. मागच्या अंगणात उंबराचं झाड होतं. उंबरं पिकली की त्यावर नाना तऱ्हेचे पक्षी उतरत, आणि मी न्हाणीघराच्या पायरीवर बसून ते बघत असे. कॉलेजच्या ग्रंथालयात पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, रंगीत चित्रांचं. ते घरी न्यायला देत नसत. मग मी तिथेच बसून एका वहीत चित्रं उतरवून घेई. घरात कुणाला त्याचं काही नव्हतं. आई म्हणे, झाडाकडे बघून पोट भरतं का? पण ते फक्त माझं होतं आणि अक्काचा त्यात काही वाटा नव्हता, म्हणून मला ते जास्तच प्रिय होतं.

राज्यांची नवी मांडणी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. बेळगावकडची माणसं नोकरीसाठी बंगळुरात येऊ लागली होती. त्यातलेच एक गृहस्थ एका दुपारी दुकानात कोटाचं माप द्यायला आले. मी अण्णांचा जेवणाचा डबा घेऊन गेले होते आणि डबा रिकामा होईपर्यंत मागच्या बाजूला स्टुलावर बसले होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, सरकारी बागखात्यात नोकरीला, उंच, आणि डोळ्यांवर जाड चष्मा. अण्णांनी खांद्यावर फीत टेकवली तेव्हा ते म्हणाले, "काका, खिसा जरा मोठा करा की. दुर्बीण बसायला पाहिजे."

अण्णांनी विचारलं, दुर्बीण कशाला? मग ते बोलायलाच लागले. व्हाइटफील्डला एक म्हातारे अँग्लो-इंडियन साहेब राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बंगल्यामागे झाडी आहे. तिथं ते रोज सकाळी पक्ष्यांना खायला ठेवतात. एका दगडी फरशीवर पपई, केळी, भात, नाचणी, आणि झाडाखाली पाण्याचं पसरट मातीचं भांडं. "एका जागी बसायचं आणि सगळं रान तुमच्यासमोर जेवायला येतंय बघा," असं ते म्हणाले.

मग पक्ष्यांची नावं त्यांच्या तोंडून आली, रंगारूपाच्या वर्णनासकट. हळद्या, दयाळ, टकाचोर, कस्तुर. मी स्टुलावर पुढे सरकले. हे सगळे पक्षी माझ्या ओळखीचे होते, पण इंग्रजी नावांनी. त्यांना मराठी नावं असतात हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरच्या मराठीत कावळा, चिमणी, पोपट आणि घार एवढंच होतं.

"दुपारभर टुक्‌-टुक्‌ असं एकसारखं वाजवणारा एक असतो," ते अण्णांना म्हणाले. "ऐकलाय का तुम्ही?"

अण्णांनी कशाला ऐकला असेल. मीच मागून म्हणाले, "हिरवा असतो. कपाळ लाल. आमच्या उंबरावर आहे."

ते वळले. "तो तांबट," म्हणाले. "तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. तुम्ही पक्षी बघता?"

मी मान हलवली. त्यांनी मग चार-पाच पक्ष्यांच्या खुणा विचारल्या आणि मी सांगत गेले. वीसएक मिनिटं झाली असतील. त्या वीस मिनिटांत अण्णांनी एकदाही मला गप्प बस म्हटलं नाही. मी डबा घेऊन घरी आले ती जवळजवळ धावत, आणि वहीत त्या त्या चित्राखाली मराठी नाव लिहून काढलं.

अण्णा मला का गप्प करत नव्हते ते रात्री जेवताना कळलं. मुलगा चांगला आहे, मराठी आहे, सरकारी नोकरीत आहे, असं ते आईला सांगत होते. मोठीसाठी विचारून बघू या. मोठी असताना धाकटीचा विचार कुणी करत नाही, मीही केला नव्हता. माझ्या मनात लग्न वगैरे काही नव्हतं, हे मी आजही खरं सांगते. तरी मी हातातला घास ताटात परत ठेवला. आमच्या घरात माझ्यासाठी म्हणून पहिल्यांदा एक माणूस आला होता, आणि तोही सरळ अक्काच्या ताटात वाढला गेला होता.

आत्या त्या मुलाच्या आईला भेटून आली. त्या त्याच्याबरोबरच राहायच्या. परत आल्यावर आत्या पदरानं वारा घेत म्हणाली, "मुलाला घरी येऊन मुलगी बघायची नाही म्हणे. उप्पीट-केसरी समोर ठेवून मुलीला मान खाली घालून बसवायचं, ते त्याला आवडत नाही. व्हाइटफील्डला या म्हणतो, पक्षी बघायला. आता काय बोलायचं? मीही सांगून टाकलं, आमच्या मोठीला पक्ष्यांचं भारी वेड. धाकटी जे काही शिकली ते तिच्याकडूनच."

मी भांडी विसळत होते. हातातली वाटी खाली पडली. आत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आणि चष्मा पेटीतच राहू दे," ती अक्काला म्हणाली. "धाकटी तुझ्या मागे बसेल आणि कानात नाव सांगेल. पक्षी बघताना सगळेच कुजबुजतात, कुणाला काही वाटायचं नाही."

अक्का म्हणाली, "मला खोटं बोलता येत नाही, आत्या."

"बोलू नकोस. नाव तेवढं सांग."

मग आठ दिवस मी अक्काला पक्षी शिकवले. ती काजं करत बसे आणि मी वही घेऊन समोर. दयाळ, काळा-पांढरा, शेपूट वर उभी. हळद्या, पिवळा, डोळ्यात काजळ घातल्यासारखा. टकाचोर, लांब शेपटीचा, अंगानं तांबूस. अक्का शाळेतल्या कवितेसारखी पाठ करायची. तिची स्मरणशक्ती चांगली होती, तीसुद्धा. एकेक नाव तिच्या तोंडून बिनचूक आलं की मला वाटे, वहीतून एक पान गेलं. ती मात्र वरचेवर विचारी, "हे खरंच असे दिसतात? तुला एवढं सगळं दिसतं?" त्या विचारण्यात काय होतं ते मी तेव्हा ऐकलं नाही. मला वाटलं, ती माझी थट्टा करतेय.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रविवारी सकाळी आम्ही कॅन्टोन्मेंट स्टेशनवरून पॅसेंजर गाडीनं निघालो. अण्णा, आत्या, अक्का आणि मी. आईला बरं नव्हतं, ती घरीच राहिली. अक्का पोपटी साडी नेसली होती. मला आत्यानं मुद्दाम अक्काचीच जुनी, विटलेली साडी नेसायला लावली. व्हाइटफील्डच्या स्टेशनवर ते गृहस्थ आणि त्यांची आई घोड्याचा जटका ठरवून उभे होते. अक्कानं नमस्कार केला तो त्यांच्या बाजूच्या रिकाम्या जागेला झाला. मी तिचा कोपर हळूच ओढला आणि सरळ केलं. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले आणि म्हणाले, "तांबट बरा आहे ना?" मी हो म्हणेपर्यंत आत्यानं अक्काला पुढे केलं होतं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. रीतच होती ती, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण मी दिवसभर मनात त्यांच्याही नावानं खडे फोडत होते.

साहेबांचा बंगला कौलारू आणि बुटका होता. मागच्या व्हरांड्याला बांबूचा पडदा लावलेला, त्याला डोळ्यांच्या उंचीवर फटी ठेवलेल्या. पंचवीस-तीस पावलांवर दगडी फरशी आणि तिच्यामागे करंज, जांभूळ, उंबर आणि बांबूची दाटी. साहेबांनी आम्हाला बाकांवर बसवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतः आत चहा करायला गेले.

मी अक्काच्या मागे खेटून बसले.

असं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. उंबराखाली बसून मान मोडेपर्यंत वर बघावं तेव्हा एखादा दिसायचा, आणि इथे ते रांगेनं उतरत होते. आधी बुलबुल आले, गालावर लाल ठिपका असलेले, आणि पपईत चोच बुडवून मान वर करून गिळू लागले. मग सातभाई आले, सगळे एकदम, भाताच्या शितांवर भांडत. एक खार त्यांच्या मधून वाट काढत होती. टकाचोर आला तेव्हा सगळे बाजूला झाले. मला त्या फटीतून डोळा काढवेना, आणि दर मिनिटाला तो काढावा लागत होता.

"आता कोण आलंय, सांगा बघू," ते हळू आवाजात विचारत.

मी अक्काच्या कानात सांगे. अक्का दोन क्षण थांबे, बघितल्यासारखं करी, आणि म्हणे, "टकाचोर."

"बरोबर. आणि त्याच्या डाव्या बाजूला, फांदीवर?"

"हळद्या. मादी असावी, पिवळा फिका आहे." ते फिका आहे हेही मीच सांगितलं होतं.

त्यांच्या आई कौतुकानं आत्याकडे बघत होत्या. अण्णांचा चेहरा खुलला होता, कर्नलची गोष्ट सांगताना खुलायचा तसा. असं अर्धा तास चाललं. मी बघत होते, मी ओळखत होते, आणि ते सगळं माझ्या तोंडातून निघून तिच्या तोंडातून बाहेर पडत होतं आणि तिथे गेल्यावर त्याची किंमत होत होती.

शेवटी ते अक्काला म्हणाले, "तुमची नजर फार तयार आहे. अशी नजर मी फारशी बघितली नाही."

अक्का लाजली. खरोखर लाजली, मानेपर्यंत लाल झाली. मला मागून तिची मान दिसत होती. खोटं बोलता येत नाही म्हणणारी, आणि नजरेची तारीफ कशी गोड वाटून घेतेय, असं मला वाटलं.

त्याच वेळी बांबूच्या बाजूनं एक पक्षी पाण्याच्या भांड्याकडे आला. वाळक्या पानांतून टुणटुण उड्या मारत, थांबत, पानं उलटत. डोकं, मान आणि पोट पिकल्या संत्र्याच्या रंगाचं, पाठ राखी. चित्रात मी तो शंभर वेळा बघितला होता, प्रत्यक्षात कधीच नाही. कस्तुर. व्हरांड्यात सगळे पुढे झुकले.

"हा कोण?" ते कुजबुजले. त्यांचा आवाज बदलला होता.

मी वाकले आणि अक्काच्या कानात म्हणाले, "दयाळ."

ठरवून केलं का? त्या क्षणाआधी ठरवलं नव्हतं. पण जीभ चुकली असंही नाही. मला नीट माहीत होतं मी काय म्हणतेय ते.

अक्का नेहमीसारखी दोन क्षण थांबली. आणि मग तिला वाटलं असेल, आता धीर आलाय, आपणही चार शब्द घालावेत. ती म्हणाली, "दयाळ. काळा-पांढरा रंग किती खुलून दिसतो उन्हात."

पक्षी पाणी पीत होता, त्या नारिंगी रंगानं भांड्यातलं पाणीसुद्धा रंगलं होतं. अण्णांनी मान वळवून अक्काकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आत्या मोठ्यानं खोकली आणि पक्षी उडून बांबूत गेला. अक्काला कळलं की काहीतरी चुकलं. ती मागे वळली नाही, पण तिची पाठ ताठ झाली.

त्या गृहस्थांनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि अक्काच्या हातात दिली. "थांबा, परत येईल तो," म्हणाले. "यातून बघा. हे मधलं चाक आहे, ते स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायचं."

अक्कानं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चाक फिरवलं. फिरवत राहिली, पार टोकापर्यंत. तेवढ्यात कस्तुर परत आला. आणि अक्का हलायची थांबली. किती वेळ बघत होती कोण जाणे. तिचा श्वास ऐकू येत होता. पक्षी फरशीवर गेला, खाली उतरला, पानांत गेला, आणि ती दुर्बीण त्याच्या मागोमाग नेत होती. एकदा हलकेच म्हणाली, "त्याच्या गालावर काळ्या रेघा आहेत. दोन." ते मी तिला शिकवलं नव्हतं. मला तिथून त्या रेघा दिसत नव्हत्या.

मग तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "मला लांबचं दिसत नाही. चष्मा आहे, तो घरी ठेवून आलेय. मला पक्ष्यांचं काही वेडबीड नाही. नावं सगळी धाकटीनं सांगितली, आठ दिवस पाठ करून घेतली."

"अगं, काहीतरीच काय," आत्या म्हणाली. "स्वल्प अंधारी आली असेल तिला, सकाळपासून काही खाल्लं नाही."

"खाल्लंय, आत्या," अक्का म्हणाली.

त्यांच्या आईंनी पदर सारखा केला. ते गृहस्थ चष्मा काढून रुमालानं पुसू लागले. मग डोळ्यांवर चढवून त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "कस्तुर तुम्हाला ठाऊक होता," म्हणाले. "दुकानात त्याच्या सगळ्या खुणा तुम्हीच सांगितल्या होत्या. मग दयाळ का म्हणालात?"

मी म्हणाले, "मला तसाच दिसला."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

नेमके तेव्हाच साहेब चहाचा ट्रे घेऊन आले आणि आज मंडळी फार शांत बसली म्हणून त्यांनी आमचं कौतुक केलं. अशी माणसं आली तर पक्षी दिवसभर राहतील, असं ते अण्णांना इंग्रजीत सांगत होते. अण्णा 'येस सर, येस सर' म्हणत होते. मी चहा घेतला नाही.

परतीच्या गाडीत आत्या स्थळ गेलं म्हणून डोळे पुसत होती. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. अक्का माझ्यासमोर बसली होती आणि माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. घरी आल्यावर तिनं पेटीतून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि आत्यासमोरच काज करायला बसली.

रात्री अंथरुणावर मी म्हणाले, "अक्का, चुकलं माझं."

"चुकलं नाही," ती म्हणाली. "तू मुद्दाम केलंस. झोप आता."

आठव्या दिवशी त्यांच्याकडून निरोप आला. मुलगी पसंत आहे. मुलाच्या आई म्हणाल्या होत्या, सगळ्यांच्या तोंडावर खरं बोलणारी मुलगी घरात आली तर बरंच आहे. एकच म्हणणं होतं, लग्नाआधी तिच्या काचा नव्या करून घ्या. अण्णा निरोप घेऊन आले तेव्हा आई रडली, आत्यानं देवापुढे साखर ठेवली. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती अण्णांना पाणी आणायला आत गेली. त्या निरोपानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मला त्या दिवशी काय वाटलं ते लिहायला आजही जड जातं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी न्हाणीघराच्या पायरीवर बसून दात आवळत होते. मी तिचं वाईट करायला गेले आणि ते तिच्याच पदरात चांगलं होऊन पडलं. मी चांगलं काम केलं असतं तर ती चांगली ठरली असती, आणि मी वाईट केलं तरी चांगली तीच ठरली.

अक्का लग्नात चष्मा घालून बसली. आमच्या लोकांत अशी नवरी तोवर कुणी बघितली नव्हती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. अक्का मात्र मंडपातल्या एकेका माणसाकडे टक लावून बघत होती. एका म्हाताऱ्या काकांना ती म्हणाली, "तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्या हे मला ठाऊकच नव्हतं."

भावजी आणि अक्का दर रविवारी कुठे ना कुठे पक्षी बघायला जात. मला प्रत्येक वेळी निरोप येई. मी कधी परीक्षा सांगे, कधी डोकेदुखी. दोन वर्षांत अक्का माझ्या पुढे गेली. काजं करणाऱ्या डोळ्यांना बारीक फरक पटकन कळत असणार. पंखांवरच्या रेघा, पायांचा रंग, असल्या गोष्टी ती सहज सांगे. आईकडे आली की उंबराखाली उभी राहून आवाजावरून नावं घेई. मला तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी काम निघे. माझी वही मी ट्रंकेत तळाशी टाकली. बी.एस्सी. झाले, एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, आणि कित्येक महिने झाडाकडे मान वर करून बघितलं नाही.

तिला मुलगी झाली तेव्हा ती आईकडे बाळंतपणाला होती. एका दुपारी मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. अक्कानं विचारलं, "एक विचारू? तुला ते हवे होते का?"

मी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "नाही," म्हणाले. "ते नाही. तुझी नजर तयार आहे असं कुणीतरी मला म्हणायला हवं होतं."

अक्का बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत होती. "मला ते वाक्य कानात तापलेल्या तेलासारखं गेलं होतं," ती म्हणाली. "लाजून लाल नव्हते झाले मी. खोटेपणानं झाले होते. माझ्या मनात सारखं येत होतं, आता कुणीतरी मला पकडावं."

"मग माझ्यावर राग कशाला धरलास?"

"पकडणारी तू असशील असं वाटलं नव्हतं म्हणून."

बाळ रडायला लागलं आणि ते बोलणं तिथंच थांबलं.

पुढे भावजींची धारवाडला बदली झाली. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा अक्काचं पत्र आलं, पंधरा दिवस ये. सबब सांगायला माझ्याजवळ या वेळी काही नव्हतं, म्हणून गेले. भावजी कामासाठी दौऱ्यावर होते. पहिल्याच सकाळी अक्कानं मुलीला सासूबाईंजवळ ठेवलं आणि मला उठवलं. घरामागे आंब्याची बाग होती आणि पलीकडे माळ. आम्ही बांधावरून चालत होतो. ती पुढे, मी मागे. ती थांबली की मी थांबायची. तिनं नाव घेतलं की ते आधी मी घ्यायला हवं होतं असं वाटायचं. मग पक्षी दिसायचा, आणि तेवढ्यापुरतं मी ते विसरायची, आणि पुन्हा वाटायचं.

एका ठिकाणी तिनं हातानं खुणावलं. झुडपात काहीतरी बारीक, पिवळसर हलत होतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मला हा ओळखू येत नाही. तुला?"

मी बघितलं. मला ओळखू येत होता. पण तिला खरंच येत नाही की माझ्यासाठी म्हणतेय, ते मला कळेना. तिचा चेहरा बघितला, त्यावरूनही कळलं नाही.

"सुभग," मी म्हणाले. "नर आहे."

"सुभग," तिनं म्हणून बघितलं, आणि पुढे चालू लागली.

ऊन चढायच्या आत आम्ही परत आलो. तिला मुलीला न्हाऊ घालायचं होतं. अंगणात चपला काढताना तिनं विचारलं, "उद्या येशील?"

"येईन," मी म्हणाले. आणि सुट्टी संपेपर्यंत रोज गेले.